मदत हवी आहे : मुलांना घरातल्यांच्या कष्टांची जाणीव व्हावी, पण त्याचे ओझे होऊ नये

नमस्कार,

आमच्या घरी सहा वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. आपल्यासाठी रोज कोण काय करते हे मुलांना दिसावे, त्याविषयी त्यांच्या मनात आपुलकी यावी आणि ती त्यांनी आपापल्या परीने व्यक्तही करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु हे शिकवताना ‘तुमच्यासाठी आम्ही किती खस्ता खातो’ हा सूर घरात शिरू नये, याचीही मला तितकीच काळजी वाटते. ज्यांनी आपल्या घरी यातून वाट काढली असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला राहतो. मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे आणि यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत पाळीने जातात, त्यामुळे मुलांचे दिवसभराचे सगळे सासूबाईंकडे असते. त्या पहाटे उठून पाणी भरतात आणि लगेच डब्याला लागतात. धाकट्याला अख्खी चपाती हातात धरवत नाही म्हणून त्या तिला तूप-साखर लावून घट्ट गुंडाळतात, सुरीने बोटभर लांबीचे तुकडे करतात आणि ते उलगडू नयेत म्हणून डब्यात एकमेकांना टेकवून उभे लावतात. दुपारी त्यातले निम्मे परत येतात, ‘मला हे नको होतं’ एवढे ऐकू येते आणि सासूबाई काही न बोलता ते तुकडे आपल्या ताटात घेतात. लहान मुलांची भूक कमी-जास्त व्हायचीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या डब्यामागे कोणाचे तरी हात आहेत, हे आमच्या घरात मोठी माणसेही कधी बोलून दाखवत नाहीत, याचे मला वाईट वाटते. यजमानांनी आईच्या स्वयंपाकाला कधी नावे ठेवली नाहीत, पण ‘आज आमटी छान झाली’ असेही मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाही. माया भरपूर आहे. ती बोलून दाखवायचा सगळ्यांना संकोच वाटतो.

शाळेच्या सवयीने मुलगी रिक्षावाल्या काकांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारांना ‘थँक्यू’ म्हणते. घरातही काही असावे म्हणून मी रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘आज तुझ्यासाठी कोणी काय केले’ हे एकेकाने सांगायचे, असा परिपाठ सुरू केला. सुरुवातीला मुले उत्साहाने बोलत असत. आता मुलगी ‘आज्जीने डबा दिला’ असे एका दमात म्हणून कूस बदलते आणि धाकटा तिचेच शब्द पुन्हा म्हणतो.

खरी काळजी मात्र वेगळीच आहे. मध्यंतरी नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई घरी आल्या होत्या. मुलीने ताटातली भाजी बाजूला सारलेली पाहून त्या म्हणाल्या, “तुमची आज्जी तुमच्यापायी गुडघे झिजवते, आहे का काही जाणीव?” त्यांचा हेतू वाईट नव्हता, आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी असे काहीतरी ऐकलेलेच असते. त्या रात्री मुलीने मला विचारले, “आई, माझ्यामुळे आज्जीचे गुडघे दुखतात का?” त्यानंतर काही दिवस ती आज्जीकडे प्यायला पाणीसुद्धा मागेना. सहा वर्षांच्या मुलीने प्रेमाची अशी परतफेड करू लागावे, हे मला मुळीच नको आहे.

याच्या अगदी उलट एक अनुभव सांगते. दिवाळीनंतर करवीर तालुक्यातल्या माझ्या माहेरी गेलो असताना वडिलांनी मुलांना गुऱ्हाळावर नेले. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, रस उकळत होता, भेंडीचा रस घातल्यावर वर येणारी मळी एक जण काढत होता, गूळ करणारे गुळवे काका पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहत होते आणि खाली चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, एक जण एकसारखी चिपाडे सारत होता. मुलगी त्या चुलवाणापाशी बसलेल्या माणसाकडेच बघत राहिली. राखेने त्याच्या पापण्या करड्या झाल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने तो खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत होता. दुसऱ्या दिवशी चपातीबरोबर गूळ वाढला तेव्हा तिने विचारले, “हा त्या आगीजवळच्या काकांचा गूळ आहे का?” आणि ताटाबाहेर पडलेला खडा उचलून खाल्ला. पुढे बरेच दिवस हे दूध कोणी काढले, हा फ्रॉक कोणी शिवला, अशी तिची चौकशी चालू होती. त्यात धाक किंवा दडपण यांचा मागमूस नव्हता. आषाढात बेंदराला आपण मातीचे बैल पुजतो, राबणाऱ्या बैलाला त्या दिवशी कामाला जुंपत नाही आणि त्याला पुरणपोळीचा घास भरवतो, त्यातला भाव तिला गुऱ्हाळावर आपोआप कळला, असे मला वाटते. तोच भाव घरातल्या माणसांच्या बाबतीत कसा आणावा?

आणखी एक. सासूबाई गुडघ्याला तेल चोळत बसल्या असताना धाकट्याने आपली लाल गाडी, जी तो ताईलाही देत नाही, त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. “मला काय करायचीय गाडी, तूच खेळ जा,” असे म्हणून त्यांनी ती मायेनेच परत केली, पण तो हिरमुसला. हे काय होते, ते मला नीटसे कळले नाही. रात्रीचा परिपाठ चालू ठेवावा की सोडावा, आणि वडीलधाऱ्यांना न दुखवता असे बोलणे कसे थांबवावे, याविषयीही कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (बालवाडी शिक्षिका, राजारामपुरी)

ताई, लाल गाडीपासून सुरुवात करते, कारण आपण जे शोधत आहात ते त्या गाडीतच आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १५ वर्षांच्या मुलांना, तुमची सर्वांत मोठी इच्छा कोणती आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तुम्ही काय कराल, असे विचारले होते. काहींनी आभार मानू असे सांगितले, काहींनी स्वतःला प्रिय असलेली वस्तू देऊ केली, तर काहींनी त्या माणसाला काय हवे असेल याचा विचार केला. समोरच्याची गरज ओळखणे वयाबरोबर येते. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे देण्यासारखे सर्वांत मौल्यवान जे होते, ते त्याने दिले. पुढच्या वेळी आजींनी ती गाडी घ्यावी, तासभर आपल्याजवळ ठेवावी आणि ‘मला बरं वाटलं’ एवढे सांगावे.

रात्रीच्या परिपाठाविषयी माझे मत आहे की तो रोज नको. चांगल्या गोष्टींची नोंद ठेवण्याचा जो उपाय आज सर्वत्र सांगितला जातो, त्यामागे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचे २००३ सालचे संशोधन आहे. त्यात विद्यार्थी होते ते महाविद्यालयीन वयाचे, आणि एका प्रयोगात तर त्यांना आठवड्यातून एकदाच लिहायचे होते. पेंगुळलेल्या लहान मुलांसाठी ती रीत मुळात बेतलेलीच नाही. त्याऐवजी मोठ्यांनी मुलांच्या कानांवर पडेल असे एकमेकांशी बोलावे, आणि तेही मोघम नको. ‘आई, तुकडे उभे लावल्यामुळे आज एकही उलगडला नाही’ असे यजमानांनी म्हटले, तर मुलांना त्या डब्यातले कसब प्रथमच दिसेल. रविवारी तुकडे गुंडाळायचे काम धाकट्याला द्या. वाकडेतिकडे झाले तरी चालतील.

आणि मुलीच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळायलाच हवे : आज्जीचे गुडघे वयामुळे दुखतात, तुझ्यामुळे नाही. हे उत्तर दिले असेल तरी पुन्हा द्या. मुले अशी शंका लगेच सोडून देत नाहीत.

प्रतिसाद (एक आजोबा, शाहूपुरी कुंभार गल्ली)

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा माझा नातू पाच वर्षांचा होता. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि उपसा केंद्रांचे पंप बुडाल्यामुळे शहरातल्या नळांना पाणी नव्हते. आम्ही उंचावरच्या भागात पाहुण्यांकडे राहत होतो. टँकर आला की मी नातवाला एक लहान कळशी देऊन बरोबर नेत असे आणि टँकरच्या चालकाशी दोन शब्द बोलत असे : जेवण झाले का, घर कुठे, तुमच्याकडे पाणी शिरले का. त्या माणसाच्या स्वतःच्या घरातही पाणी होते, हे तेव्हा कळले. नातू घरी येऊन सगळ्यांना तेच सांगत सुटला. उपदेश आम्ही कोणी केला नाही. माणसाची ओळख करून दिली, एवढेच केले.

शिक्षिकाबाईंशी मी बहुतांशी सहमत आहे, पण रोजचे काहीच नको हे मला पटत नाही. आमच्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणतात. त्यानंतर मी सहज विचारतो की आज या ताटात कोणाकोणाचे हात आहेत. मग शेतकऱ्यापासून गॅसची टाकी आणणाऱ्यापर्यंत नावे निघतात. भुकेच्या वेळी हे चटकन सुचते, झोपेच्या वेळी सुचत नाही.

पाहुण्यांच्या बोलण्यावर उपाय मात्र तुमच्या सासूबाईंकडेच आहे, असे माझे म्हणणे आहे. सुनेने पाहुण्यांना थांबवले तर तो वाद होतो. आजीने स्वतः, सगळ्यांदेखत, ‘मला माझ्या नातवंडांचं करायला आवडतं, दुखेल तेव्हा मी बसते की’ असे म्हटले, तर विषय तिथेच मिटतो आणि नातीच्या मनावरचा भारही उतरतो. करणाऱ्याने आपल्या कष्टांचा हिशेब मांडला नाही, की घेणाऱ्याला मोकळेपणाने घेता येते. मात्र त्यासाठी दुखेल तेव्हा त्यांना खरोखर बसता आले पाहिजे. तेवढे तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी बघावे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काका, आपले शेवटचे वाक्य मी यजमानांना वाचून दाखवले. आठवड्यातून दोन दिवस सकाळचे पाणी भरणे आणि भाजी चिरणे त्यांनी आपल्याकडे घेतले आहे. सासूबाईंना गाडीविषयी सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग त्यांनी धाकट्याला हाक मारून ‘तुझी गाडी आण रे, माझ्या गुडघ्यावरनं चालव’ असे सांगितले. मुलीला गुडघ्यांचे उत्तर मी पुन्हा दिले. ती आता पाणी मागते, तरी तिच्याकडे लक्ष ठेवून आहे.

काका, आपण कुंभार गल्लीतले आहात म्हणून विचारते. यंदाच्या बेंदराला तयार बैल न आणता मुलांनी आज्जीबरोबर बसून ते स्वतः करावेत, असे ठरवले आहे. त्यासाठी मळलेली माती आपल्या गल्लीत कोणी थोड्या प्रमाणात देतात का, आणि न भाजलेले बैल वाळताना तडकू नयेत म्हणून काय करावे?