मदत हवी आहे: शेवटी ताठ उभी राहणारी नायिका

लोकप्रिय मराठी कादंबऱ्यांतल्या खंबीर नायिकांचं शेवटी काय होतं, यावर आमच्या वाचन गटात बोलायचं आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू शिकते, विचार करू लागते; नवरा जातो, सक्तीनं केशवपन होतं आणि ती मरते. ते १८९०च्या दशकातलं. पण नंतरच्या कादंबऱ्यांतही मला मरण, वैराग्य किंवा निमूट घरी परतणंच सापडतंय. जीव तुटतो वाचताना. विभावरी शिरूरकर, गौरी देशपांडे वाचून झाल्यात. आत्मचरित्रं, अनुवाद नकोत. शेवट फोडलात तरी चालेल, उलट तोच हवा आहे. घर सोडून स्वतः कमावणारी नायिका शेवटच्या पानावरही एकटी आणि समाधानात आहे, अशी १९७५पूर्वीची खूप वाचली गेलेली कादंबरी कोणती?