मदत हवी आहे: 'अकात्तोलिको'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी, रोमच्या ट्रिपवर लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडकलीये. सेस्तियसच्या पिरॅमिडला लागून जुनं कब्रस्तान आहे, इटालियनमध्ये 'चिमितेरो अकात्तोलिको', जिथे कीट्स, शेली हे इंग्रजी कवी पुरले आहेत. कीट्सच्या दगडावर त्याचं नावच नाहीये, बघून गलबलून आलं. शब्दशः अर्थ 'कॅथॉलिक नसलेला', एवढं कळलं. पण बरेच जण सरळ 'प्रोटेस्टंट कब्रस्तान' म्हणतात आणि ते मला पटत नाही, कारण तिथे ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या चर्चचे ख्रिस्ती) आहेत, शिवाय ग्रामशीसारखा कम्युनिस्टही आहे.

'परधर्मीय' लिहिलं होतं, मग खोडलं. प्रोटेस्टंट ख्रिस्तीच ना, परके कसे? 'बिगर कॅथॉलिक' बरं वाटतं, पण जुन्या शब्दातला सरकारी वास त्यात येत नाही, म्हणजे बघा, 1781 मध्ये ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने लुथरन, रिफॉर्म्ड (हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) आणि ऑर्थोडॉक्स लोकांना उपासनेची मोकळीक दिली तेव्हा त्यांना एकत्र 'अकाथोलिकन'च म्हटलं होतं, त्यांची स्वतःची नावं असूनही! नंतर कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या, ख्रिस्ती एकतेविषयीच्या दस्तऐवजात अशा इतर ख्रिस्ती लोकांसाठी 'दुरावलेले बंधू' अशा अर्थाचा शब्द आला, तो कितीतरी मायेचा आहे.

तर वसईकडच्या, गोव्याच्या कॅथॉलिक मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे चर्चमध्ये, घरी बोलताना यासाठी मराठीत काय म्हणतात? आणि प्रोटेस्टंट वाचकांना 'बिगर कॅथॉलिक' खटकतं का? प्लीज सांगा, कुणाला दुखावणारा शब्द मला छापायचा नाहीये.