मिस्सा संपल्यावर तुम्ही कुठे जाता? (अनुभव धागा)

मागच्या रविवारी चर्चमधून परतताना लेकीने विचारलं, "आई, मिस्सा म्हणजे काय गं?" मी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर), बलिदान वगैरे सांगायला लागले, तर म्हणाली, "ते नाही, शब्दाचा अर्थ." मग फादरांना विचारलं. पूर्वी लॅटिनमधल्या उपासनेच्या शेवटी "इते, मिस्सा एस्त" म्हणायचे. म्हणजे, निघा आता, तुमची पाठवणी झाली. गंमतच आहे. तासभराच्या उपासनेला नाव पडलं ते दाराकडे वळतानाच्या शब्दावरून!

म्हणून हा धागा. नाशिकच्या मंडळींनी दाराबाहेरचं लिहावं. चमत्कार आणि साक्षी नकोत, त्या आपण प्रार्थनासभेत ऐकतोच. सुरुवात मी करते, आणि ती फजितीची आहे.

आमच्या चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत मी चार वर्षं आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी ती काढली. रीत अजून तीच, दोघादोघांनी गरजूच्या घरी जायचं. तर मी आणि एक काका एका विधवा मावशींकडे गेलो. पिशवीत तांदूळ, तूरडाळ, तेल. मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मग फळीवरचे डबे काढून एकेक झाकण उघडून दाखवलं. तीन डबे डाळीने गच्च. "गणपतीत मंडळाने दिली, मग कुणा साहेबांनी, आता तुम्ही. ताई, शिजवू कशावर?"

काकांनी खिशात हात घातला. मावशी म्हणाल्या, पैसे आहेत, पण गॅसचं बुकिंगच लागत नाही. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, आणि तो गेलेला. मृत्यूचा दाखला, आधार, अर्ज, शिवाय एका कागदावर स्पेलिंग वेगळं. एजन्सीत तीन चकरा झाल्या. त्या महिन्यात त्यांच्या घरी आम्ही एकदाही प्रार्थना म्हटली नाही, सगळं बोलणं झेरॉक्सचं. चौथ्या खेपेला त्यांनी शेगडी पेटवून चहा टाकला आणि म्हणाल्या, "हं, आता काढा तुमची जपमाळ."

जेलरोडहून

मी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देतो. पोपच्या परवानगीने १९७३ पासून हे काम आपल्यासारखे प्रापंचिकही करू शकतात. गळ्यात छोटी गोल डबी, शर्टाच्या आत. ती असताना रस्त्यात कुणाशी गप्पा मारत थांबायचं नाही असं मला शिकवलंय. पण जेलरोडला ओळखीचं माणूस भेटणार नाही असं होतं का? मान हलवतो आणि निघतो. दोघेतिघे रुसलेतही.

एका आजींकडे गेलो की टेबलावर पांढरा रुमाल, मेणबत्ती, पाण्याचा पेला तयार असतो. एकदा प्रार्थना सुरू केली आणि आजींचा हात थरथरायला लागला, कपाळावर घाम. सुनेने धावत साखर आणली. मग कळलं, त्या रात्रीपासून उपाशी होत्या. डायबेटिसची गोळी घेतली होती, पोटात चहाचा घोटही नाही. त्यांच्या लहानपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही असा नियम होता. मी सांगितलं, "आजी, १९६४ पासून एक तासच आहे, आणि आजारी माणसाला तर तोही नाही. तुमचं करणाऱ्या सूनबाईंनाही नाही."

आजी म्हणाल्या, "ते पोपला सांग. मला माझ्या आईने शिकवलंय."

आता मी साडेसातलाच फोन करतो आणि सून समोर बसून त्यांना दूधपोळी खायला लावते. आजी मला दर वेळी विचारतात, "माझ्या बाकावर कोण बसतं रे हल्ली?" कुणीच बसत नाही असं मी सांगतो. पाप लागत असेल तर लागो.

नाशिकरोडहून

आमचं बालपण इथल्या सरकारी प्रेसच्या क्वार्टरमध्ये गेलं, त्यामुळे फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारची नाशिकरोडच्या बाळ येशूच्या चर्चची यात्रा म्हणजे घरचंच कार्य. मुंबई, वसई, गोव्याहून गाड्या येतात. जेसुइट फादरांच्या हाताखाली आम्ही पोरं पाणी वाटायचो. नंतर मला हरवले-सापडलेचा माइक मिळाला. "वडिलांचं नाव काय?" "पप्पा." "कुठून आलात?" "बसमधून." असा कारभार. मराठी, कोंकणी, इंग्रजी, तिन्हींत पुकारा करायचा.

पण खरं काम सोमवारी. फरशीवरचं मेण पत्र्याच्या पट्टीने खरवडायचं. सकाळी सहाला थंडीत गेलं तर कडक असतं, पापुद्रे सुटतात. ऊन चढलं की मऊ पडतं आणि फरशीभर पसरतं. तेव्हा आळशी लोकांनी दहाला येऊ नये, ही जाहीर विनंती. गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीतले दोन मुस्लिम रिक्षावाले आमच्याबरोबर खरवडत होते. त्यांच्या रिक्षा दोन दिवस जोरात चालल्या होत्या, म्हणाले, "आमचापण सण झाला."

उपनगरहून

मी ख्रिश्चन नाही, चालेल ना? गुरुवारी कामावरून येताना बाळ येशूला जाऊन बसते. मिस्सेतलं काही कळत नाही. पण शेवटी सगळे एकमेकांकडे बघून नमस्कार करतात, तेव्हा अनोळखी बाई माझ्याकडे बघून हसते, तेवढ्यासाठी जाते. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र उभी राहत नाही, एका सिस्टरांनी नीट समजावलं होतं.

(नमस्कार शेवटी नाही हो, ख्रिस्तप्रसादाच्या आधी. पण तुमचं स्वागत आहे. – धागाकर्ती)

सातपूरहून

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. मी श्रीरामपूरकडचा. आमच्याकडे हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला घरचे अजून पायी जातात, ढोलकी-पेटीवर भजनं म्हणत. नाशिकला कंपनीत लागलो. मिस्सा संपली की अंगणात घोळके होतात: मंगळूरचे इकडे, मल्याळी तिकडे, गोव्याचे गाडीपाशी, आणि आम्ही नगरवाले सायकल स्टँडजवळ. एकाच पित्याची लेकरं, पण चहा आपापला. दोष कुणा एकाचा नाही, मीही कधी त्या बाजूला गेलो नाही. सहा वर्षं झाली.

नाताळच्या गव्हाणीला बांबू कमी पडले तेव्हा एक मल्याळी अंकल माझ्या मोटरसायकलवर मागे बसले, बारा फुटी बांबू खांद्यावर आडवा धरून. सातपूर ते चर्च, लोक शिव्या देतायत, अंकल "सॉरी, सॉरी" म्हणतायत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं नाव विचारलं.

रविवारी शिफ्ट असली तर मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जातो, ती रविवारचीच धरतात. गुरुवारी मला सुट्टी असते. धागाकर्त्या ताई, तुमच्या सोसायटीत एजन्सीच्या चकरा मारायला माणूस लागतो का? मोटरसायकल आहे.

(लागतो. या गुरुवारी एका आजोबांच्या पेन्शनचं काम आहे, साडेदहाला. आधारच्या दोन झेरॉक्स त्यांच्याकडे आहेत, फोटो काढायचे राहिलेत. – धागाकर्ती)