डिझरायलीचं पोर्ट्रेट: अस्सल चेहरा की नुसता मस्का?

पेठकर_०७: लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं डिझरायलीचं तैलचित्र पाहिलंय का कुणी? जॉन एव्हरेट मिलेनं १८८१ साली काढलेलं. हाताची घडी, काळा कोट, मागे अंधार, उजेड काय तो चेहऱ्यावर. लोक याला वास्तववाद म्हणतात, म्हणजे माणूस आहे तसा रंगवणं! ७६ वर्षांचा ब्रिटनचा माजी पंतप्रधान आणि केस काळेभोर? चित्रकारानं मस्का लावलाय, दुसरं काय.

कुंचलेवाला: पेठकर, जरा दमानं. डिझरायली स्वतःच केसांना कलप लावायचा. मिलेनं तो लावलेला कलप रंगवला. कपाळावरची बट बघा आणि मग खाली चेहऱ्याकडे या. केस तरुण, चेहरा थकलेला. ही खुशामत? मिलेसमोर बसला तेव्हा तब्येत ढासळलेली होती. १९ एप्रिलला गेलाच, चित्र अर्धवट राहिलं. तरी राणी व्हिक्टोरियाच्या इच्छेनं त्याच वर्षी रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं.
आणि काळा कोट सोपा वाटतो तुम्हाला? नुसता ट्यूबमधला काळा फासला की कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. अंधारावर काळं कापड उठवून दाखवा एकदा. मी दोन कॅनव्हास वाया घालवलेत.

पेठकर_०७: हाताचं कसब मी नाकारतच नाही. पण याच मिलेनं १८७९ मध्ये ग्लॅडस्टनही रंगवला. डिझरायलीचा राजकारणातला कट्टर वैरी, तोही पंतप्रधान झालेला, आणि थाट तोच! तोच काळा कोट, तोच अंधार. पुढे १८८५ मध्ये ग्लॅडस्टनच्याच शिफारशीनं मिलेला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. दोन्ही घरचा पाहुणा, आणि चक्क तुपाशी.

माणदेशी: मला चित्रातलं फार कळत नाही. पण हा डिझरायली म्हणजे राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करणारा ना? १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार, आणि इकडे दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती. यानंच पाठवलेला लिटन व्हाइसरॉय. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यावर तक्रार केली होती. त्या चेहऱ्यावर याची एखादी तरी रेघ आहे का?

कुंचलेवाला: माणदेशी, राग समजतो, पण दुष्काळ चित्रकाराच्या गळ्यात का घालता? समोर बसलेला म्हातारा त्यानं काढला. त्याचा कारभार तुम्ही-आम्ही कागदपत्रांतून वाचायचा.

माणदेशी: मग राजकारण्याचं पोर्ट्रेट म्हणू नका. म्हाताऱ्याचं म्हणा.

पेठकर_०७: +१. कुंचलेवाले, कलपाचं मान्य, तिथं मी चुकलो. पण तो अंधार मिलेनं फुकट नाही घातलेला. त्यात काय काय झाकलंय ते माणदेशींनी सांगितलंच.

कुंचलेवाला: अहो, अर्धवट चित्र आहे ते!