लिथियम चालू असताना बीपीची गोळी बदलली. दोन डॉक्टरांचा मेळ कोणी घालायचा?

माणदेशी_लेक:
माझ्या थोरल्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं. त्यावर चौदा वर्षं लिथियम चालू, ३०० च्या तीन गोळ्या. मानसोपचाराचे डॉक्टर मिरजेला, तीन महिन्यांतून एकदा. बीपीचे डॉक्टर गावातले. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, कारण दादाची फाइल आम्ही लपवतो. पिवळ्या पिशवीत, कपाटात, आईच्या लुगड्यांखाली. गावात कळायला नको!

मे महिन्यात गावातल्या डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली. नवीत लघवीवाटे पाणी काढणारं औषधही होतं. दहा-बारा दिवसांत दादाचा हात असा थरथरायला लागला की कपातला निम्मा चहा बशीत. जुलाब, जीभ जड, भिंतीला धरून चालणं. आई म्हणाली, आजार उलटला. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. मिरजेला नेलं तर रक्तातली लिथियमची लेव्हल १.९, म्हणजे फारच चढलेली. चार दिवस सलाईनवर होता.

डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं होतं, "आणखी काही चालू आहे का?" वहिनी म्हणाली, "नाही." मी शेजारीच बसले होते.

तुमच्याकडे सगळ्या औषधांचा हिशेब कोण ठेवतं? आणि दादाला न दुखावता गावातल्या डॉक्टरांना सांगायचं कसं?

काउंटरवाला:
ताई, माझं मेडिकल आहे. सगळी औषधं एकाच दुकानातून घ्या, मग निदान आमच्या तरी लक्षात येतं. तुम्ही मिरजेची गोळी मिरजेतच घेत असणार, लाजेपायी. पाणी काढणाऱ्या गोळीने लिथियम अंगात साठतं. डायक्लोफिनॅक, आयब्रुफेननेही तेच. गुडघा दुखला की लोक चिठ्ठीशिवाय मागतात अन् आम्हीही देतो, कबूल करतो. ताप-अंगदुखीला साधं पॅरासिटामॉल बरं. कंपनीचं नाव लिहून ठेवू नका, ते दर दुकानात बदलतं. स्ट्रिपवर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते उतरवा.

निवृत्त_सिस्टर:
लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. आधी खाल्ली तर आकडा फसवा येतो. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांनाही हे कोणी सांगितलेलं नसतं. थायरॉईड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सहा महिन्यांनी. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत, कडक उपासात सांभाळा. बीपी आहे म्हणून एकदम अळणी जेवणही नको, मीठ तुटलं की लिथियम चढतं. पण घाबरून लिथियम आपल्या मनाने बंद करू नका हो, आधी मिरजेला फोन.

आणि डिस्चार्जच्या वेळी पुढची औषधं कोण बघणार, हे लिहून मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात डिस्चार्जचं नियोजन आहे, आपले कागद मिळण्याचा हक्कही आहे. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

एक_आई:
माझा मुलगा क्लोझापिनवर आहे, तीही मानसिक आजाराचीच गोळी. हाड मोडून ॲडमिट झाला, तिथे सिगारेट बंद, आणि दोन-तीन दिवसांत नुसता झोपेत. सिगारेट सुटली की हे औषध रक्तात वाढतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. हाडाच्या डॉक्टरांना क्लोझापिन माहीत होतं, सिगारेट नव्हती. आता गोळीबरोबर व्यसनही सांगते. लाज गेली माझी.

माणदेशी_लेक:
सगळ्यांचे आभार. दादाशी बोलले. आधी चिडला, मग म्हणाला, "आजाराचं नाव नको, गोळीचं लिही." जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यानेच लिहिलं, अक्षर अजून हलतंय. काल गावातल्या डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, आजाराबद्दल एक शब्द विचारला नाही. गुडघ्यासाठी नुकतीच लिहिलेली गोळी तेवढी खोडली.

सिस्टर, दादा रात्रीची गोळी साडेनऊला घेतो. म्हणजे रक्त सकाळी साडेनऊला ना? आमची लॅब दहाला उघडते, अर्ध्या तासाने काही बिघडतं का?