नाइन इंच नेल्सचे लाइव्ह ड्रमर: क्लिक तीच असते, मग प्रत्येकाचं वाजवणं इतकं वेगळं कसं वाटतं?

कातरवेळ
गेले दोन-तीन आठवडे नाइन इंच नेल्स या अमेरिकन इंडस्ट्रियल (यंत्रासारख्या कर्कश आवाजांच्या) रॉक बँडची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज एकामागून एक ऐकतोय आणि एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. यांचा पहिला अल्बम १९८९ चा, त्यात बहुतेक सगळे ड्रम मशीनचे, पुढच्या अल्बम्समध्येसुद्धा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) आणि सॅम्पलचा मारा भरपूर, म्हणजे स्टेजवर जो ड्रमर बसतो त्याला कानात क्लिक (टेम्पो दाखवणारी टकटक) घेऊन सिक्वेन्सबरोबरच (आधी रचून ठेवलेल्या मशीनच्या भागांबरोबरच) वाजवावं लागणार हे समजतं. टेम्पो ठरलेला, गाणं ठरलेलं, बऱ्याचदा ठेकाही ठरलेला. तरी २००० च्या टूरवरचं जे लाइव्ह रेकॉर्डिंग २००२ मध्ये आलं, त्यातला जेरोम डिलन ऐकला की प्रत्येक स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) ठोका वरून दगड टाकल्यासारखा पडतो आणि तीच गाणी २००६ च्या टूरच्या डीव्हीडीत जॉश फ्रीझ वाजवतो तेव्हा बँड पुढे झेपावतोय असं वाटतं. टेम्पो वाढलाय का म्हणून मी स्टॉपवॉच लावून मोजलं, एका गाण्यात तर जवळजवळ काहीच फरक नाही!

हा मिक्सिंगचा परिणाम की खरंच हाताचा? आणि जाणकारांनी हेही सांगा की क्रिस व्रेना, डिलन, फ्रीझ, इलन रुबिन या चौघांना ऐकताना नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं. मी स्वतः वाजवत नाही, फक्त ऐकतो, पण या बँडवर मनापासून जीव आहे.

लोखंडी_ठोका
मिक्सचा भाग आहेच पण माझ्या मते जास्त हाताचा. मी बारा वर्षं ड्रम वाजवतोय, त्यातली निम्मी क्लिकवर, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

क्लिकवर वाजवणं म्हणजे बरोब्बर क्लिकच्या डोक्यावर वाजवणं असं बाहेरून वाटतं. तसं नसतं. १२० च्या टेम्पोला एक बीट अर्ध्या सेकंदाचा, त्यात स्नेअर दहा-पंधरा मिलीसेकंद मागे पडला तर कुणी त्याला चुकला म्हणणार नाही, पण अंगाला जडपणा जाणवतो. तेवढाच पुढे पडला तर गाणं पुढे ओढल्यासारखं होतं. डिलन बॅकबीट (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअर) मागे ठेवतो, क्लिकच्या किंचित मागून मारतो आणि काठी खोल घालतो. फ्रीझचा हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) क्लिकच्या किंचित पुढे असल्यासारखा वाटतो आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एकदम कोरडी, नेमकी. म्हणून स्टॉपवॉच सारखंच दाखवतं आणि छाती वेगळं सांगते.

आता या बँडमध्ये अवघड काय ते बघा. क्लिक फक्त ड्रमरच्या कानात, पण तिच्याबरोबर चालणारे मशीनचे ड्रम आणि लूप सगळ्या प्रेक्षकांना ऐकू जातात. तुझी किक आणि मशीनची किक जराशी जरी सुटली तर एकाच ठोक्याचे दोन ऐकू येतात, आम्ही त्याला फ्लॅम होतंय म्हणतो, आणि ते भयंकर वाईट वाटतं. म्हणजे मागे-पुढे व्हायला जागा अगदी थोडी. तेवढ्या जागेत डिलन स्वतःचं वजन आणतो, याचंच मला कौतुक आहे.

माझ्याबरोबर एकदा घडलेलं सांगतो. आम्ही असंच सिक्वेन्सवर वाजवत होतो, दुसऱ्या कडव्यात घामामुळे उजव्या कानातला मॉनिटर (क्लिक ऐकवणारा इअरफोन) निसटला आणि गळ्यावर लोंबायला लागला. क्लिक गेली. दोन्ही हात चालू, काढून लावायला हात मोकळा नाही, समोरच्या स्पीकरमधून लूप येत होता पण स्टेजच्या मागे तो चिखलासारखा ऐकू येतो, त्यातून बीट काढता येत नाही. बेसवाल्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर नजर ठेवून आठ बार (आवर्तनं) काढले, मग एका ब्रेकमध्ये डाव्या हाताने मॉनिटर कानात कोंबला तर कळलं की मी जवळजवळ अर्धा बीट पुढे पळालोय. आठ बारमध्ये! त्या दिवसापासून या मंडळींचे दीड-दीड, दोन-दोन तासांचे शो बघायची माझी नजरच बदलली.

अर्धी_मात्रा
वरच्या प्रतिसादाला +१. मी ड्रम नाही, तबला शिकलोय, तरी भर घालतो.

मार्च ऑफ द पिग्ज हे यांचं १९९४ चं गाणं घ्या आणि हातावर मात्रा मोजत ऐका. ७, ७, ७ आणि मग ८, एकूण २९. मात्रांपुरतं बोलायचं तर तीन वेळा रूपक आणि एकदा केहरवा. विभागणी अर्थातच आपल्या तालांसारखी नाही, पण मोजायला ही युक्ती फार कामाला येते. सातच्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वेळी पायाखालची एक पायरी गायब झाल्यासारखी वाटते आणि चौथ्या फेरीत ती जास्तीची मात्रा मिळते तेव्हा सगळा बँड एकदम जमिनीवर येतो. त्या आठव्या मात्रेवर प्रत्येक ड्रमर काय करतो ते बघा, मला तरी तिथेच माणूस ओळखू येतो. वेग इतका की बऱ्याच ऐकणाऱ्यांना हे विषम आहे हे कळतच नाही, फक्त धाप लागते.

आणि मधेच सगळं थांबून पियानो येतो ना, त्यानंतरची शांतता! ट्रेंट रेझनर, म्हणजे बँडचा संस्थापक आणि गायक, स्टेजवर ती शांतता ताणतो, प्रेक्षक ओरडत असतात, ड्रमर काठ्या वर धरून बसलेला. त्यानंतरचा पहिला ठोका ड्रमरचा. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे बघा, मी तो तुकडा किती वेळा मागे नेऊन बघितलाय याला हिशोब नाही. इलन रुबिन त्या वेळी इतका निवांत दिसतो की नवल वाटतं.

निळा_धूर
व्रेनाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्यासाठी सुरुवात तिथून आहे.

१३ ऑगस्ट १९९४, अमेरिकेतला वुडस्टॉक महोत्सव. स्टेजवर यायच्या आधीच पाचही जण चिखलात लोळलेले, केसापासून बुटापर्यंत राखाडी. त्या रात्रीचं वाजवणं स्वच्छ अजिबात नाही. ओले हात, चिखलाने माखलेले कीबोर्ड, गिटारच्या तारांवर चिखल. पण मागे व्रेना ज्या ताकदीने वाजवतोय त्यामुळे सगळं एकत्र राहतं, पुढे चौघं एकमेकांवर आदळतायत आणि मागे हा खांब. त्या शोमधल्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला पुढे १९९६ चं मेटलसाठीचं ग्रॅमी मिळालं. इतक्या राड्यातलं रेकॉर्डिंग! व्रेना आणि रेझनर क्लीव्हलंडच्या दिवसांपासूनचे मित्र, बँड छोटा होता तेव्हापासून तो होता, त्यामुळे त्याच्या वाजवण्यात मला एक घरचेपणा वाटतो, मशीनची जी बीट त्याने जवळून तयार होताना बघितली तीच तो हाताने वाजवतोय असं. पुढच्या तिघांपेक्षा तंत्र कमी असेल, मला त्याने फरक पडत नाही.

आणि २०१८ ला मी यांना एकदा प्रत्यक्ष बघितलं, ड्रमवर रुबिन. रेकॉर्डिंगमध्ये जे कधीच येणार नाही ते सांगतो. पांढऱ्या लाइटचा झोत आणि धूर इतका की अर्धा वेळ ड्रमर दिसतच नव्हता, नुसती काठी वर गेलेली दिसायची, काळी रेघ, आणि ती खाली आली की आधी पोटात धक्का बसायचा आणि आवाज नंतर आल्यासारखा वाटायचा. शेवटचं शांत गाणं आलं, जवळजवळ पूर्ण गाणं ड्रमशिवाय आणि अगदी शेवटी त्याने एकदाच सगळं वजन टाकलं तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस माझा खांदा घट्ट धरून उभा होता. आम्ही दोघं काही बोललो नाही. शो संपल्यावर फक्त मान हलवली आणि निघालो.

रुबिन २००९ मध्ये आला तेव्हा जेमतेम विशीचा होता, हे लक्षात ठेवून त्या वर्षीचे व्हिडिओ बघा. २०२० मध्ये बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा यादीत व्रेना आणि रुबिन दोघांचीही नावं होती, मला फार बरं वाटलं होतं. डिलन आणि फ्रीझही तिथे असायला हवे होते असं माझं ठाम मत आहे.

गंजलेली_कडी
थोडं विषयाला सोडून, पण इंडस्ट्रियलचे लाइव्ह ड्रम म्हटल्यावर मिनिस्ट्री या दुसऱ्या इंडस्ट्रियल बँडची १९८९-९० ची टूर विसरून चालणार नाही. दोन ड्रमर, बिल रिफ्लिन आणि मार्टिन अॅटकिन्स, दोन पूर्ण किट, आणि स्टेज व प्रेक्षक यांच्या मध्ये उंच तारेचं कुंपण. फेब्रुवारी १९९० मधला इंडियानातल्या मेरिलव्हिलचा शो रेकॉर्ड होऊन आलाय, हेडफोनवर ऐका. एकाच वेळी दोघं तोच ठेका देतात तेव्हा ते मशीनसारखं वाटतं, पण मशीनला नसलेला एक खरखरीतपणा दोन माणसांच्या त्या बारीकशा फरकातून येतो. वर फ्लॅम वाईट म्हटलंय ते बरोबर आहे, पण इथे तोच फ्लॅम रुंद भिंतीसारखा उभा राहतो.

रिफ्लिन २०२० मध्ये गेला. नाइन इंच नेल्सच्या १९९९ च्या अल्बमवर एका गाण्यात त्याचे ड्रम आहेत, म्हणजे हे धागे एकमेकांत गुंतलेलेच आहेत.

लोखंडी_ठोका
कुंपणवाल्या टूरची आठवण काढलीत, छान वाटलं. कातरवेळ, एक राहिलं. ज्या २००० च्या रेकॉर्डिंगबद्दल तू विचारलंस ते एका रात्रीचं नाही, टूरवरच्या वेगवेगळ्या शोचे तुकडे जोडून केलंय. बँडच्याच लोकांनी छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर शूट करून कॉम्प्युटरवर एडिट केलं. बघताना एका शॉटमध्ये डिलनचा हात वर जातो आणि दुसऱ्या रात्रीच्या शॉटमध्ये खाली येतो, आणि खटकत नाही! क्लिक असल्यामुळे टेम्पो जुळतो हे झालंच, पण माणूस रोज रात्री काठी त्याच उंचीवरून, त्याच वजनाने आणतोय म्हणूनही ते जुळतं, असं माझं मत.

फ्रीझबद्दल पण एक. २००५ च्या अल्बमवर काही गाण्यांत ड्रम डेव्ह ग्रोलचे (नर्वानाचा जुना ड्रमर) आहेत, एकदम धो धो वाजवलेले, आणि स्टेजवर ते रोज रात्री निभवायचं काम फ्रीझकडे आलं. त्याने ग्रोलची नक्कल केली नाही, फिल्स (ठेक्याच्या मधले भरीचे ठोके) तेच ठेवले पण कडा धारदार केल्या. २००८ च्या टूरवर तर मोठ्या पडद्यावर ड्रम सिक्वेन्सरचे चौकोन यायचे आणि तो उभा राहून चौकोनांना हात लावत बीट रचायचा, मग किटवर. मशीन आणि माणूस यांचं नातं इतकं सोपं करून दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

अर्धी_मात्रा
आणि तोच फ्रीझ ऑगस्ट २०२५ मध्ये परत आला! रुबिन फू फायटर्स या रॉक बँडकडे गेला आणि फू फायटर्समधून काढलेला फ्रीझ इकडे, अशी अदलाबदल. त्या वर्षीच्या टूरच्या मध्यावर ड्रमर बदलला, त्यामुळे आता एकाच टूरवर दोघांना शेजारी ठेवून ऐकायची सोय झालीये. त्या शोमध्ये मधे काही वेळ छोट्या स्टेजवर बॉइझ नॉइझ या डीजेबरोबर सगळं मशीनवर चालायचं, आणि मग मुख्य स्टेजवर खरी किट परत यायची. परतीचा तो पहिला ठोका दोघांचाही ऐका, कातरवेळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल.

कातरवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री दिवा बंद करून हेडफोन लावून मार्च ऑफ द पिग्ज तिघांचं ऐकलं, गुडघ्यावर बोटांनी सात-सात-सात-आठ मोजत. पहिल्या दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं आणि आठव्या मात्रेवर खरंच जमीन आली! डिलन त्या जागी थांबल्यासारखा करतो, फ्रीझ तिथे काहीतरी भरतो आणि पुढे निघतो. रुबिनची दोन रात्रींची रेकॉर्डिंग्ज ऐकली, दोन्हींत तो वेगळा होता.

आता मिनिस्ट्रीचं ते १९९० चं लावतोय. डाव्या कानात कोण आणि उजव्या कानात कोण, कुणाला माहिती आहे का?