तांगसा ही एक जमात की अनेक?

रावपुरावासी (प्रश्न):
मुलीच्या वसतिगृहातील, अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यातून आलेली मैत्रीण रविवारी आमच्याकडे जेवायला आली होती. तिने बांबूच्या नळीत ठासून धुरावर सुकवलेला चहा आणला होता. सुरीने त्याची चकती कापून, उकळून, दूध-साखरेवाचून आम्हाला दिला. ‘तू तांगसा ना?’ या माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, ‘दाखल्यावर तांगसा, घरी मोसांग.’ याचा अर्थ काय, आणि हे लोक मूळचे कुठले?

जुनी पोथी:
तांगसा हे नाव १९५० च्या दशकातले, प्रशासनाने रूढ केलेले आहे. तांग म्हणजे उंच जागा आणि सा म्हणजे लेकरे, अशी त्याची फोड करतात. त्याखाली मोसांग, मुकलोम, तिखाक, जुगली असे अनेक समूह येतात आणि त्यांतील काहींच्या बोली एकमेकांना कळतही नाहीत. आजच्या म्यानमारमधून पाटकाई डोंगर ओलांडून हे समूह एकदम नव्हे, तर वेगवेगळ्या काळी उतरले. सीमेपलीकडे राहिलेल्या त्यांच्या भाऊबंदांना तिकडे तांगशांग नागा म्हणतात.

दांडियाबाजारकर:
आपल्यालाही बडोद्यात ‘दक्षिणी’ हे नाव गुजराती शेजाऱ्यांनीच दिले; घरात मात्र आपण देशस्थ, कोकणस्थ, मराठाच राहिलो.

जुनी पोथी:
तुलना लंगडी आहे. आपले पूर्वज गायकवाडांच्या सत्तेबरोबर आले आणि मोडीत दप्तरे ठेवून गेले. तांगसांचा प्रवास मुख्यतः गाण्यांत आणि मौखिक कथांत टिकला, शिवाय आता त्यांच्यात बाप्तिस्ट ख्रिस्ती, थेरवादी बौद्ध आणि रांगफ्राह या देवाचे उपासक असे वेगवेगळे पंथ असल्यामुळे जुनी गाणी कोणी आणि कुठे गावीत, हाही प्रश्नच आहे. लिपी मात्र त्यांनी स्वतः घडवली: लाखुम मोसांग यांनी १९९० मध्ये रचलेल्या लिपीत ३१ व्यंजने आणि तब्बल ४८ स्वराक्षरे आहेत, कारण सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो आणि तो सूर स्वरातच लिहिलेला असतो. २०२१ मध्ये ती युनिकोडमध्ये आली.

रावपुरावासी:
आभारी आहे. मुलीकडून आत्ताच कळले की आडनावाच्या रकान्यातही ती मोसांगच लिहिते. आम्ही मात्र महिनाभर ते तिच्या वडिलांचे नाव समजत होतो.